हिवाळ्यात चालायचं कुणाकडे?

एप्रिलमध्ये कॅनडातल्या विनिपेगमधला बर्फ वितळायला लागतो आणि माझ्या कामाची गर्दी वाढते. मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे. काही रुग्ण क्लिनिकमध्ये येतात, पुष्कळांच्या घरी मी जाते, आणि त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात. एप्रिलमधल्या तक्रारी नाना तऱ्हेच्या असतात. कुणाचा गुडघा धरतो, कुणाची कंबर वाकत नाही, कुणाला जिना उतरताना धास्ती वाटते. पण तपासायला घेतलं की अनेकांच्या बाबतीत मुळाशी एकच गोष्ट निघते. बर्फ पडण्याआधी मांड्यांत आणि नितंबांत जेवढी ताकद होती, तेवढी आता राहिलेली नसते.

हे मोजायची एक साधी चाचणी आहे. हात छातीशी दुमडून खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या बाईला हे किमान १० वेळा आणि त्याच वयाच्या पुरुषाला १२ वेळा जमायला हवं. त्याहून कमी भरलं तर पडण्याचा धोका वाढलाय असं आम्ही समजतो. ऑक्टोबरात हा आकडा आरामात गाठणारी माणसं एप्रिलमध्ये त्याच्या अलीकडेच थांबतात. मधल्या काळात ना मोठं आजारपण आलेलं असतं, ना ऑपरेशन झालेलं. ती फक्त कमी हललेली असतात.

नुसतं कमी हलल्याने एवढं होतं का, असं घरचे विचारतात. होतं, आणि फार लवकर होतं. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सत्तरीच्या आसपासच्या निरोगी माणसांना त्यांनी दोन आठवडे दिवसाला साधारण चौदाशे पावलंच चालायला सांगितलं. बाकी दिनक्रम नेहमीचा. दोन आठवड्यांत त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे ४ टक्क्यांनी घटले आणि शरीराची साखर वापरायची क्षमताही खालावली. अंथरुणाला कुणीही खिळलेलं नव्हतं. माझ्या अनेक रुग्णांचा जानेवारीतला दिवस त्या प्रयोगातल्या दिवसासारखाच जातो, आणि इथला हिवाळा दोन आठवड्यांत संपत नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. आपल्याकडे थंडी म्हणजे व्यायामाचा मोसम. पहाटे मैदानं भरतात, तालमीत नवे चेहरे दिसतात, घरात डिंकाचे लाडू होतात. विनिपेग पन्नासाव्या अक्षांशाला लागून आहे. जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान उणे ११ च्या आसपास असतं, किमान उणे २१ च्या. डिसेंबरात सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. गवताळ सपाट प्रदेशातलं शहर असल्याने वाऱ्याला अडवायला काही नाही. म्हणून इथे हवामानाच्या बातम्यांत तापमानाशेजारी आणखी एक आकडा सांगतात, विंडचिल. वाऱ्यामुळे उघड्या कातडीला थंडी किती जाणवेल, ते तो सांगतो. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ला ५ ते १० मिनिटं पुरतात.

या आकड्याची एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगते. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली विंडचिलचं सूत्र नव्याने बांधलं, तेव्हा टोरोंटोत स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्याचं तापमान मोजलं होतं. ते सूत्र ताशी सुमारे ५ किलोमीटरने चालणारा माणूस गृहीत धरतं. म्हणजे सकाळी रेडिओवर जो आकडा ऐकून माणसं घरात बसायचं ठरवतात, तो मुळात बाहेर चालणाऱ्यासाठी काढलेला आहे. किती वेळ चालायचं आणि काय झाकून चालायचं, हे कळावं म्हणून तो असतो. उणे १५ ला नीट कपडे घालून निरोगी माणूस अर्धा तास सुखाने चालू शकतो. उणे ३५ ला मी स्वतः कुणाला बाहेर पाठवत नाही. मधल्या दिवसांचं गणित माणसागणिक बदलतं, आणि ते शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

आमच्या मॅनिटोबा प्रांताने १९७४ साली घरी जाऊन सेवा देण्याची प्रांतव्यापी योजना सुरू केली. कॅनडातली ती अशी पहिली. त्यामुळे इथे आमच्या पेशातल्या लोकांना रुग्णाचं घर पाहायला मिळतं, आणि घर पाहिल्यावर व्यायामाबद्दलचे विचार बदलतात. व्यायामाचा कागद आम्ही सगळेच देतो. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या व्यायामक्रमात पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा करायचे आणि जोडीला चालायचं असतं. तेवढ्याने वृद्धांचं पडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं आहे. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला मी घराघरांत पाहते. नोव्हेंबरात त्यावर रोजच्या खुणा असतात, डिसेंबरात त्या विरळ होतात, आणि जानेवारीत बहुतेक घरांत संपलेल्या असतात. काही घरांत मात्र माणसं फेब्रुवारीतही टवटवीत असतात. अनेक हिवाळे मी हे बघत आले की त्या घरांत वेगळं काय आहे.

शिस्त, शिक्षण, पैसा, मोठं घर यांवर ते फारसं अवलंबून नव्हतं. टिकणाऱ्या माणसांची कुठेतरी, कुणीतरी वाट बघत होतं.

विनिपेगमध्ये फिलिपिनो वस्ती मोठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका फिलिपिनो आजींचा गुडघा बदललेला होता. शहरातले काही मॉल दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी दारं उघडतात. या आजींचा मैत्रिणींचा घोळका तिथे सकाळी जमतो, फेऱ्या घालतो आणि मग कॉफी पितो. एखादी आली नाही तर बाकीच्या तिला फोन करतात. आजींना फेऱ्यांचा कंटाळा येई, पण मैत्रिणींना चुकवणं त्यांना जमत नसे. त्यांच्या गुडघ्याने माझ्या टेबलावर जेवढी प्रगती केली, त्याहून जास्त त्या मॉलच्या फरशीवर केली.

दुसरे एक आजोबा युक्रेनी मुळाचे, एकटे राहणारे. परसात त्यांनी पक्ष्यांसाठी दाण्याची पेटी टांगली होती. चिकडी नावाचे चिमणीएवढे पक्षी इथला अख्खा हिवाळा काढतात, आणि ते सकाळी त्या पेटीवर येतात. दाणे भरायला आजोबा रोज बाहेर पडत. परस फार तर वीस-पंचवीस पावलांचं. पण त्यासाठी थरावर थर कपडे चढवायचे, एक पाय उचलून बुटात घालायचा, मग दुसरा, दार ढकलायचं, पायऱ्या उतरायच्या, हात उंच करून पेटी काढायची, आणि सगळं परत उलट्या क्रमाने करायचं. मी बसून हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की माझ्या कागदावरचे निम्मे व्यायाम त्यात येऊन गेले होते. बूट घालायला दाराशी भक्कम खुर्ची आणि पायऱ्यांना कठडा, एवढीच भर मी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाच्या शिफारशी सुधारल्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, हे पूर्वीचंच. पण आधी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल धरत नसत, ती अट आता काढून टाकली आहे. ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितले आहेत. थंड प्रदेशातल्या वृद्धांच्या दृष्टीने ती अट जाणं फार मोलाचं आहे. तळघरातून धुतलेले कपडे वर आणणं, दारातला पातळ बर्फ झाडूने लोटणं, ओट्याशी उभं राहून पोळ्या करणं, हे सगळं आता हिशेबात येतं.

पोळ्यांचा उल्लेख सहज आलेला नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपल्या आई-वडिलांची. २०११ च्या शेवटी कॅनडाने सुपर व्हिसा सुरू केला आणि मुलांकडे दीर्घकाळ राहायला येणाऱ्या पालकांची सोय झाली. पुण्याहून, साताऱ्याहून, नाशिकहून माणसं उन्हाळ्यात येतात, नातवंडांत रमतात, आणि पाहता पाहता हिवाळा येतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. रस्त्यावर पायी चालणारं कुणी नाही. गॅरेज घरालाच जोडलेलं, त्यामुळे बाहेर जायचं तरी घरातून गाडीत आणि गाडीतून दुकानात. वडील थकल्यासारखे वाटतात म्हणून मुलगा मायेने ट्रेडमिल आणतो. तो तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

अशा एका काकांना मी म्हटलं, "काका, तिकडचा तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून सगळं सांगा." ते सांगत गेले. पहाटे दूध आणायचं. वाटेत पेपर. घरी येऊन चहा. नंतर मारुतीचं दर्शन. येताना भाजी. संध्याकाळी कट्ट्यावर मित्र. "व्यायाम असा काही नव्हता हो," ते म्हणाले, "आपलं चालणं व्हायचं तेवढंच." त्यांच्या बोलण्यावरून मी अंदाज बांधला, ते दिवसाला पाच-सहा किलोमीटर सहज चालत असणार. त्यांतलं एकही पाऊल आरोग्यासाठी टाकलेलं नव्हतं. प्रत्येक पावलाला काम होतं किंवा माणूस होता. इथे त्यांच्यापुढे यंत्र होतं, आणि त्या यंत्रावरून ते कुठेच पोचत नव्हते.

मग आम्ही त्यांच्या सुनेला बरोबर घेऊन नवी यादी केली. सकाळी नातवाला शाळेच्या बसथांब्यावर सोडायचं आणि दुपारी आणायचं, हे काम काकांचं. थंडी फार असेल त्या दिवशी त्याला गाडीने सोडायचं आणि काकांनी घरातल्या जिन्याच्या फेऱ्या घालायच्या. शनिवारी ग्रंथालय. तिथे दुसरे एक मराठी गृहस्थ येतात, त्यांच्याशी बुद्धिबळ. नातू आता थांब्यावर आजोबांचा हात धरतो आणि बर्फात त्यांना सावकाश चालायला लावतो. फेब्रुवारीत काका खुर्चीतून उठण्याच्या चाचणीत नोव्हेंबरातल्याइतकेच भरले, आणि त्यांच्या वयाला हिवाळ्यात ताकद टिकवणं म्हणजे कमावल्यासारखंच आहे.

काकूंच्या बाबतीत माझा आग्रह निराळा असतो. मराठी घरांत जमिनीवर बसायची सवय साठी-सत्तरीपर्यंत टिकलेली असते. देवपूजा, भाजी निवडणं, नातवंडांशी खेळणं, सगळं खाली बसून. इथे आल्यावर मुलं काळजीपोटी खुर्ची देतात, देवघर उंचावर लावतात. गुडघ्यांचा संधिवात बळावला असेल तर ते योग्यच आहे. पण ज्यांना खाली बसता-उठता येतं, त्यांनी ते सोडू नये असं मी कळकळीने सांगते. जमिनीवरून उठताना घोटे, गुडघे, नितंब, पाठ, हात आणि तोल यांना एकाच वेळी काम पडतं. माझ्या कॅनेडियन रुग्णांतले कितीतरी जण वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेलेच नसतात. पडल्यावर कसं उठायचं हे मला त्यांना टप्प्याटप्प्याने शिकवावं लागतं. काकूंकडे ती विद्या आयुष्यभराची आहे, आणि सोफ्यावरच्या एका हिवाळ्यात ती हातची जाऊ शकते. आधाराला शेजारी भक्कम स्टूल ठेवा, पण बैठक मोडू नका.

रथसप्तमी इथे ऐन हिवाळ्यात येते आणि सूर्यनमस्कारांची आठवण करून देते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळांमधून ते रुजवले. त्या परंपरेत वाढलेल्या पिढीला सूर्यनमस्कार शिकवावे लागत नाहीत, फक्त वयाला जुळवून द्यावे लागतात. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकवून करायला लावते. पाठ लांब होते, टाचा जमिनीला लागतात, आणि डोकं खाली जात नाही. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढा राहतो. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी डोकं खाली नेणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. आपल्या काही कुटुंबांनी रविवारी सकाळी एकत्र जमून हे नमस्कार घालायला सुरुवात केली. तिथे येणाऱ्यांचा घरचा व्यायामही टिकलेला मला दिसतो, कारण रविवारी कुणीतरी विचारणार असतं.

बाहेर पडायचं तर तयारी हवी. अंगालगत सुती कपडा नको, कारण घामाने भिजला की तो गार पडतो आणि अंगातली ऊब काढून घेतो. आत लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणारा थर, मधे उबदार थर, वर वारा अडवणारा. हाताला बोटं एकत्र राहतील असे मोजे. नाकातोंडावर मफलर, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात, तेव्हा दमा असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेला पंप आधी घ्यावा. दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी घरातच जिना एक-दोनदा चढून अंग तापवावं. जाताना वाऱ्याला सामोरं जावं आणि येताना वारा पाठीशी असावा, म्हणजे घामेजल्या अंगावर बोचरा वारा येत नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरे.

बुटांवर पैसे वाचवू नयेत. टोरोंटोच्या पुनर्वसन संस्थेत बर्फाची खरी जमीन असलेली एक प्रयोगशाळा आहे. ती जमीन कलती करता येते आणि स्वयंसेवक तिच्यावर चालून बुटांची पकड तपासतात. २०१६ साली त्यांनी निकाल जाहीर केले, तेव्हा बाजारातले बहुतेक हिवाळी बूट किमान कसोटीलाही उतरले नव्हते. आता चांगल्या पकडीच्या बुटांना तिथे हिमकणाच्या चिन्हाची श्रेणी मिळते. निसरड्यावर इथे सगळ्यांना पेंग्विनसारखं चालायला शिकवतात: पावलं लहान, तळवा पूर्ण टेकलेला, भार पुढच्या पायावर, आणि हात खिशाबाहेर.

एका कामापासून मात्र मी उतारवयातल्या पुरुषांना ठामपणे दूर ठेवते, आणि ते म्हणजे जड बर्फ फावड्याने उपसणं. थंडीने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हातांवर एकदम जोर येतो आणि माणूस नकळत श्वास रोखतो. हे तिन्ही एकत्र आलं की हृदयावर मोठा ताण पडतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या क्यूबेक प्रांतातल्या अभ्यासात जोरदार हिमवर्षावानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके वाढलेले आढळले. पाहुणे म्हणून आलेले वडील मुलाला मदत व्हावी म्हणून फावडं हाती घेतात, तेव्हा त्यांना थांबवा. पातळ, भुसभुशीत बर्फ लोटायला हरकत नाही. ओला आणि साचलेला बर्फ त्यांचं काम नाही.

दुपारी बाराच्या सुमारास बाहेर पडा, असं मी सांगते तेव्हा लोक ड जीवनसत्त्वाबद्दल विचारतात. या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की कातडीत ते तयार होत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. दुपारचं बाहेर पडणं उजेडासाठी आणि माणसांसाठी. रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावर नदी गोठली की तिच्यावरच स्केटिंगची आणि चालायची वाट तयार करतात. २०१० पासून तिथे ऊब घ्यायच्या खोपटांची वास्तुरचना स्पर्धा भरते आणि त्या खोपटांत अनोळखी माणसंही बोलायला लागतात. मुलांनी आई-वडिलांना एकदा तरी तिथे न्यावं. एवढ्या थंडीत अख्खं शहर घराबाहेर हसतंय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांची निम्मी भीती जाते.

आता नवा रुग्ण आला की गुडघ्याआधी मी विचारते, "उद्या सकाळी तुमची वाट कोण बघतंय?" उत्तर असेल तर उपचार त्या उत्तराभोवती बांधते. जायचं आहे तिथे किती पायऱ्या आहेत, किती वेळ उभं राहावं लागेल, त्या हिशेबाने व्यायाम ठरतात. उत्तर नसेल तर पहिला आठवडा आम्ही तेच शोधण्यात घालवतो. कागद त्यानंतर.

महाराष्ट्रातून आई-वडिलांना थंड देशात नेणाऱ्या मुलांना मी हेच सांगेन. ऑक्टोबरातच, थंडी कडक व्हायच्या आत, त्यांना एक काम द्या. ते हलकं असावं, त्यासाठी थोडं चालावं लागावं, आणि ते झालं नाही तर कुणाचा तरी खोळंबा व्हावा. राबवून घेण्याचा हेतू त्यात नसावा, आणि तो नाही हे त्यांना कळतं. आयुष्यभर ज्यांच्यावाचून घराचं पान हललं नाही, त्यांना नुसतं जपून ठेवलं की ती आधी मनाने बसतात आणि मग पायांनी. या घरात आपली गरज आहे हे त्यांना रोज समजू द्या. उणे वीसमध्येही ती उठतील, बूट चढवतील आणि चालतील.